कुसळ, आपटा आणि आत्याची लवंग

१. माझे गाल ओघळल्याचा शोध मला आरशात नाही, मोबाइलमध्ये लागला. मुलाच्या साखरपुड्याचे फोटो आले. साडी माझी होती, जबडा मात्र आईचा! भाचीने परस्पर पुण्यातल्या एका क्लिनिकची वेळ घेतली, कातडीखाली धागे घालून गाल वर ओढून घ्यायला. मी भोरहून एसटी धरली आणि घरी सांगितलं, कापूरहोळला मैत्रिणीकडे जातेय. अगदीच खोटं नव्हतं ते. गाडी कापूरहोळवरूनच जाते.

२. धागा म्हणजे धागा, असं मी ५७ वर्षं समजत होते. डॉक्टरांनी टेबलावर तीन तऱ्हा मांडल्या. एक साधा, गुळगुळीत. तो ओढत-बिढत नाही. कातडीखाली जाळीसारखा पेरायचा, आणि शरीर त्याला परका समजून भोवती कोलॅजेन तयार करतं. दुसरा स्प्रिंगसारखा पीळ दिलेला, खोलगट जागी थोडी भर घालणारा. तिसरा काटेरी, ‘कॉग’. खरं ओढायचं काम त्याचं. त्याचं मोठं केलेलं चित्र पाहिलं आणि मी ओरडलेच, “अहो, हे तर कुसळ!” दिवाळीनंतर तोरण्याच्या वाटेवरचं गवत ज्यांनी तुडवलंय त्यांना सांगायला नको. मोज्यात शिरलेलं कुसळ पुढे सरकतं, मागे म्हणून येत नाही. डॉक्टरांना कुसळ माहीत नव्हतं. मला उगाचच बरं वाटलं.

३. टिकेल ते चांगलं, हा माझा आयुष्यभराचा हिशोब तिथे चुकला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोत मार्लेन सुलामानिद्झे यांनी काटेरी धागे वापरले, ते पॉलिप्रॉपिलीनचे, न विरघळणारे. आता बहुतेक ठिकाणी विरघळणारेच घालतात. त्यांतला पीडीओ नावाचा धागा ऑपरेशनच्या टाक्यांतला जुनाच गडी, सहा-आठ महिन्यांत जातो. पीएलएलए म्हणजे लॅक्टिक आम्लाची साखळी, आपल्या दह्याच्या आंबटपणाची दूरची भावकी. तो वर्ष-दीड वर्ष राहतो. पीसीएल दोनेक वर्षं. मला वेल्ह्याची आत्या आठवली. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडी वेल्हंच.) गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून ती आधी कच्चे टाके घालते, मग धावदोरा, आणि शेवटी कच्चे टाके उसवते. मी विचारलं, “मग पक्का टाका कोण घालणार?” डॉक्टर म्हणाले, “तुमचं शरीर.” आणि जरा थांबून, “या वयात जमेल तितपत.”

४. सोन्याचेही धागे असतात म्हणे. ते विरघळत नाहीत, एक्स-रे काढला की चमकतात. मी हसले, पण घरी येऊन वाचत बसले तर सुश्रुतसंहितेत जखम शिवायला ताग, जवस, स्नायू, केस यांच्यासोबत अश्मंतकाच्या सालीचा धागा सांगितलेला. अश्मंतक म्हणजे आपला आपटा! ३० वर्षं शाळेत दसऱ्याला मुलांकडून त्याची पानं सोनं म्हणून घेतली. सालीकडे कधी पाहिलंसुद्धा नाही.

५. गुपित राखायला चेहरा ही फार वाईट जागा. दोन्ही बाजूंना पीडीओचे चार-चार काटेरी धागे घालून घेतले. मग उताणं झोपा, तोंड मोठं उघडू नका, जोरात हसू नका. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. उजव्या गालावर जन्मात नव्हती ती खळी पडली आणि तीन आठवडे मुक्कामाला राहिली. काटा आत कातडीला जास्त ओढतो तेव्हा असं होतं. इतकं करून नवऱ्याने विचारलं, “केस कापलेस का?”

६. आत्याला मात्र फसवता येत नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायला वेल्ह्याला गेले. तिने हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, गोधडीची शिवण तपासावी तसं जबड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “दाढ दुखतीय व्हय गं?” मी हो म्हणाले. काय सांगणार! तिने डब्यातून लवंगा काढून कागदात बांधून दिल्या. तिच्यासमोर एक दाढेखाली धरावी लागली.

त्याला आता वर्ष झालं. पीडीओ कधीच विरघळला असणार. लग्नाच्या अल्बममध्ये सगळे खदखदून हसताहेत आणि वरमाय रेशनकार्डावरच्या फोटोसारखी ओठ मिटून उभी आहे. लवंगांची पुडी अजून पर्समध्ये आहे.