जठराची मंद गती आणि रुग्णपत्रिकेवरील नोंद

जठर ही केवळ अन्न साठविण्याची पिशवी नव्हे. त्याच्या वरच्या भागात अन्न काही काळ विसावते, खालचा भाग ते घुसळून बारीक करतो आणि तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू ते थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडतो. या घुसळणीचा ठेका मिनिटाला सुमारे तीन आकुंचनांचा असतो. तो धरण्याचे काम काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी करतात, आणि त्यांच्यावर मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस, म्हणजेच प्राणेशा, तंत्रिकेचा अंमल चालतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे या तंत्रिकेला आणि या पेशींना इजा पोहोचू शकते. मग वाटेत कोणताही अडथळा नसतानाही अन्न जठरातच तासन् तास पडून राहते. या अवस्थेला ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’ असे नाव आहे. मराठीत तिला ‘जठरमांद्य’ म्हणता येईल; मात्र आयुर्वेदातील ‘अग्निमांद्य’ या जुन्या आणि पुष्कळच व्यापक शब्दाशी तिची गल्लत होऊ देऊ नये.

१९५८ साली पॉल कासँडर यांनी मधुमेहींमधील या विकाराला नाव दिले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच जठरात अन्न लक्षणांवाचून साठून राहण्याचा उल्लेख होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काही रोग्यांना मळमळ, ओकाऱ्या, दोन घासांतच पोट भरल्याची भावना असा त्रास होतो. काहींची मात्र कसलीही तक्रार नसते. त्यांच्यात पहिली खूण पोटात नव्हे, तर साखरेच्या आकड्यांत दिसू शकते. जेवणापूर्वी घेतलेले इन्शुलिन आपल्या वेळेवर काम सुरू करते, पण अन्न अजून जठरातच अडकलेले असते. परिणामी साखर एकाएकी खाली येते. काही तासांनी तेच अन्न आतड्यात उतरते, तेव्हा इन्शुलिनचा जोर ओसरलेला असतो आणि साखर उसळी घेते. अशा रोग्याला पथ्य न पाळल्याबद्दल बोल लावला जातो, आणि तो बहुधा अन्यायाचा असतो.

समजा, अठरा वर्षे मधुमेह असलेली एक स्त्री वर्षभरात तीन वेळा रुग्णालयात दाखल झाली. पहिल्या वेळी पत्रिकेवर ‘ओकाऱ्या’, दुसऱ्या वेळी ‘जठरदाह’ आणि तिसऱ्या वेळी ‘साखर अनियंत्रित’ असे लिहिले गेले. यांतील एकही नोंद खोटी नाही. तथापि तिन्ही पत्रिका शेजारी ठेवून वाचणारा कोणी नसेल, तर चौथ्या डॉक्टरांना पुन्हा आरंभापासूनच सुरुवात करावी लागेल. हीच स्त्री उद्या शस्त्रक्रियेसाठी आली, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. रात्रभर उपाशी राहूनही तिच्या जठरात अन्न उरलेले असू शकते, आणि भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. भूलतज्ज्ञाला याची आगाऊ सूचना मिळण्याचा हमखास मार्ग म्हणजे आधीची नोंद.

डॉक्टरांच्या या शब्दांचे पुढे अंकांत रूपांतर होते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ, पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे मांडलेल्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूबरोबर आजारपणाचीही गणना होऊ लागली. अकरावी आवृत्ती २०२२ च्या आरंभी अमलात आली. तथापि अमेरिकेतील रुग्णालये दहाव्या आवृत्तीचा आपल्यापुरता विस्तारलेला पाठ १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरतात, आणि प्रस्तुत विकाराच्या बाबतीत त्याचे नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

त्या पाठात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील जठरमांद्यासाठी ई ११.४३ हा संकेतांक प्रथम लिहावा लागतो. परंतु त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘मधुमेहजन्य स्वायत्त तंत्रिकाविकारासह दुसऱ्या प्रकारचा मधुमेह’. त्यात जठराचे नावही नाही. मूत्राशयाच्या तंत्रिका बिघडल्या तरी हाच अंक लागू शकतो. म्हणून त्यापाठोपाठ के ३१.८४ हा जठरमांद्याचा अंक द्यावा लागतो. हा दुसरा अंक गाळला, तर कारण उरते आणि अवयव नाहीसा होतो. दुसरा अंक आधी लिहिला, तर नियमाचा भंग होतो, कारण मूळ रोग प्रथम, हा दंडक तेथे स्पष्ट नमूद आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला ई १०.४३ असतो, तेव्हा मधुमेह कोणत्या प्रकारचा, एवढे तरी डॉक्टरांनी लिहिलेच पाहिजे. रोगी इन्शुलिन घेतो एवढ्यावरून तो पहिल्या प्रकारचा ठरत नाही.

येथे एक चमत्कारिक सवलत आहे. एकाच पत्रिकेवर मधुमेह आणि जठरमांद्य या दोहोंचे निदान असेल, तर डॉक्टरांनी ‘मुळे’ हा शब्द लिहिला नसला तरी त्यांचा संबंध गृहीत धरला जातो. मात्र कारण दुसरे असल्याचे त्यांनी लिहिले असेल, तर तो धरता येत नाही. ही सवलत संकेतांक देणाऱ्यासाठी सोयीची, पण रोग्यासाठी अपुरी आहे. जठराची गती अफूजन्य वेदनाशामकांनी, जठराच्या शस्त्रक्रियेनंतर, तसेच सेमाग्लुटाइडसारख्या मधुमेहावरील नव्या औषधांनीही मंदावते. औषध हे कारण असेल, तर उपाय औषध बदलण्यात आहे. गृहीतकाने भरलेला रकाना तो शोध थांबवू शकतो. शिवाय बाह्यरुग्ण विभागात ‘जठरमांद्य असावे’ असे संशयाचे निदान अंकांत बसविता येत नाही. तेथे मळमळ, ओकारी अशी लक्षणेच नोंदवावी लागतात. दाखल रोग्याला घरी सोडताना मात्र तसा संशय निश्चित निदानाप्रमाणे गणला जातो. एकच वाक्य दोन दारांतून दोन रूपांनी बाहेर पडते.

म्हणून चाचणीचा तपशील पत्रिकेवर असणे अगत्याचे आहे. प्रथम दुर्बीण तपासणीने अडथळा नाही हे ठरवावे लागते. नंतर किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेला, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा ठराविक अल्पाहार देऊन चार तास जठराची चित्रे घेतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न शिल्लक राहिले, तर गती मंद समजतात. परंतु चाचणीच्या वेळी साखरच फार वाढलेली असेल, तर त्यामुळेही जठर मंदावते. तेव्हा केवळ ‘चाचणी सदोष’ असे न लिहिता शिल्लक अन्नाची टक्केवारी, त्या वेळची साखर आणि चालू असलेली औषधे, या तीन गोष्टी लिहिल्या तरच तो आकडा पुढच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

औषधयोजनेतही तारखेचे असेच महत्त्व आहे. या विकारावर वापरल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडमुळे चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात, आणि त्या कायमच्या राहण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली त्यावर ठळक इशारा छापण्यास लावले आणि बारा आठवड्यांपलीकडे ते सहसा देऊ नये असे सांगितले. एका गावात सुरू झालेली गोळी दुसऱ्या गावातील डॉक्टर जुन्या चिठ्ठीवरून पुढे चालू ठेवतात. त्या चिठ्ठीवर आरंभाची तारीख नसेल, तर बारा आठवडे केव्हा भरले हे कोणालाच सांगता येत नाही.