कोंकणांत जाणाऱ्या शेतकरी बंधूंस कांहीं सूचना

नारळ, सुपारी, आंबा व काजू यांच्या बागा पाहण्यास देशावरील शेतकरी मंडळी कोंकणांत जात असतात. दापोली येथें 1972 सालीं कृषिविद्यापीठ स्थापन झाल्यापासून हा प्रवास ज्ञानार्जनाचेंही साधन झाला आहे. परंतु मनुष्य आपल्या गांवचे अनुभव बरोबर नेतो, आणि समुद्रकांठीं त्यांपैकीं कित्येक निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतात. त्याचा विचार निघण्यापूर्वींच झालेला बरा.

पहिली गोष्ट पोहण्याची. विहिरींत व डोहांत पोहून तयार झालेल्या मनुष्यास समुद्राची भीति वाटत नाहीं. पण विहिरीचें पाणी स्थिर असतें; समुद्राचें पाणी ओढतें. किनाऱ्यावर आलेलें लाटांचें पाणी परततांना एखाद्या अरुंद पट्ट्यानें जोरानें आंत जातें. दोहों बाजूंस लाटा फुटत असून मध्येंच जेथें पाणी शांत दिसतें, तेथें बहुधा अशी ओढ असते. आणि नवखा मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊं नये. त्यानें दम संपतो. किनाऱ्यास समांतर पोहत ओढीबाहेर पडावें व मग कांठ गांठावा. तें न साधल्यास पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. बुडणाऱ्यामागें उडी घालूं नये. दोर किंवा रिकामा डबा फेकावा. हा धोका केवळ पावसाळ्यांतलाच नव्हे. ता. 1 फेब्रुवारी 2016 रोजीं, ऐन थंडीच्या दिवसांत, मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडून मृत्यु पावले.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. पंचांग पाहणाऱ्या शेतकऱ्यास हिचा अंदाज सहज करतां येतो. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली असतां भरतीची वेळ सुमारें कळते. पंचमीस पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार वाजतां पूर्ण भरती. त्यापुढें सुमारें 6 तासांनीं ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस दुपारीं व मध्यरात्रीं 12 च्या सुमारास भरती येते, आणि त्या दिवसांत ती मोठी असते. ही वेळ स्थूल आहे. नक्की वेळ तेथील कोळी बांधवांस विचारावी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटींत पायीं जातां येतें. परतण्यास उशीर झाल्यास वाट पाण्याखालीं जाते. वाळूवर गाडी नेऊं नये. रुतलेली गाडी भरती सोडीत नाहीं.

तिसरी गोष्ट बागेंतील. नारळाखालीं बसूं किंवा निजूं नये. पावसाळ्यांत जांभ्यावर शेवाळ येतें; तेथें पाऊल जपून टाकावें. दगडांच्या व पाल्याच्या ढिगांत हात घालूं नये, कारण कोंकणांत फुरसें पुष्कळ. रात्रीं विजेरी बाळगावी व जोडा झटकून घालावा. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणें, कापणें, चोखणें हे प्रकार करूं नयेत. दंशाचा अवयव हालूं न देतां रोग्यास सरळ रुग्णालयांत न्यावें. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाहीं. लाल विंचवाचा दंशही हृदयास अपाय करतो. त्यावर प्राझोसिन हें औषध गुणकारी असल्याचें महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं दाखवून दिलें. तें वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें असतें.

पावसाळ्यांत भातखाचरांतील व तुंबलेल्या पाण्यांत उंदीर-गुरांच्या मूत्रामुळें लेप्टोस्पायरोसिसचे जंतु असूं शकतात. पायास जखम असतां अशा पाण्यांत उतरूं नये. प्रवासानंतर ताप व अंगदुखी झाल्यास आपण कोठें गेलों होतों तें वैद्यास अवश्य सांगावें. दमट हवेंत घाम वाळत नाहीं, सबब तहान लागण्याची वाट न पाहतां उकळलेलें पाणी पीत जावें. अतिवृष्टींत दरडी कोसळतात. रात्रींचा घाट टाळावा.

तात्पर्य एवढेंच. अनोळखी पाहुणा आपल्या मारक्या बैलाकडे निघाला तर आपण त्यास हटकतों, व त्यानें ऐकावें अशी आपली अपेक्षा असते. समुद्रकांठीं पाहुणे आपण आहों. तेथील कोळ्यानें "आज पाण्यांत नको" म्हटल्यास कारण विचारीत न बसतां मागें फिरावें.