एकतीस गोल आणि त्यानंतर

प्रस्तावना

खेळाची बातमी वाचताना आपले लक्ष प्रथम आकड्यांकडे जाते. कोण जिंकले आणि किती फरकाने जिंकले, एवढे कळले की बातमी संपली असे वाटते. परंतु तो आकडा कोणत्या परिस्थितीत घडला, हे जाणून घेतल्याशिवाय त्याचा खरा अर्थ कळत नाही. पॅसिफिक महासागरातील अमेरिकन सामोआ या लहानशा बेटसमूहाच्या फुटबॉल संघाने २००१ साली पत्करलेला पराभव पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव म्हणून नोंदला गेला आहे. तो पराभव का झाला, त्यातून कोणते प्रश्न पुढे आले आणि संघाची पुढील वाटचाल कशी झाली, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• पात्रता फेरी म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• एखाद्या घटनेमागील कारणे शोधून ती क्रमाने मांडू शकाल;
• ‘समान नियम’ आणि ‘समान संधी’ यांतील भेद स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. महासागरातील स्पर्धा

फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा दर चार वर्षांनी होते. तीत प्रवेश मिळवण्यासाठी बहुतेक देशांना आधी आपापल्या विभागात पात्रता फेरी खेळावी लागते. पॅसिफिकमधील बेटांचा विभाग ‘ओशनिया’ या नावाने ओळखला जातो. या विभागाचा महासंघ १९६६ साली स्थापन झाला. भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेला फिजी, तसेच सामोआ, टोंगा, ताहिती, व्हानुआटू, सॉलोमन बेटे, कुक बेटे, न्यू कॅलेडोनिया आणि पापुआ न्यू गिनी हे संघ या विभागात खेळतात. न्यूझीलंडही याच विभागात आहे. ऑस्ट्रेलिया २००५ अखेरपर्यंत येथे होता. १ जानेवारी २००६ पासून तो आशियाई महासंघात गेला.

या विभागात बलाबलाची मोठी तफावत होती. ऑस्ट्रेलियाचे अनेक खेळाडू युरोपातील व्यावसायिक संघांकडून खेळत. बेटांवरील बहुसंख्य खेळाडू मात्र नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सराव करीत. शिवाय एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी शेकडो, कधी हजारो किलोमीटरचा प्रवास करावा लागे. म्हणून अनेकदा एका गटाचे सर्व सामने एकाच ठिकाणी, अवघ्या काही दिवसांत उरकले जात.

२. कॉफ्स हार्बरचा सामना

अमेरिकन सामोआ हा अमेरिकेच्या अधिपत्याखालील प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर असून २००० साली त्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. तेथे अमेरिकन फुटबॉल आणि रग्बी हे खेळ अधिक लोकप्रिय आहेत. १९९८ साली हा प्रदेश ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेचा सदस्य झाला. एप्रिल २००१ मध्ये त्याचा संघ ऑस्ट्रेलियातील कॉफ्स हार्बर या गावी आयुष्यातील पहिली विश्वचषक पात्रता फेरी खेळण्यासाठी गेला.

स्पर्धेपूर्वीच त्यांच्यापुढे संकट उभे राहिले. खेळाडूंकडे अमेरिकेचा पासपोर्ट असला पाहिजे, असा नियमाचा अर्थ लावण्यात आला. मूळ वीस जणांच्या चमूत या अटीत बसणारा एकच खेळाडू निघाला. तो म्हणजे गोलरक्षक निकी सालापू. वीस वर्षांखालील संघातील अनेक मुले तेव्हा शालेय परीक्षेला बसली होती, त्यामुळे तीही येऊ शकली नाहीत. अखेर घाईघाईने जो संघ उभा करण्यात आला, त्याचे सरासरी वय सुमारे अठरा वर्षे होते. त्यात पंधरा वर्षांची तीन मुले होती.

पहिल्या दोन सामन्यांत फिजीने १३ आणि सामोआने ८ गोल केले. ११ एप्रिल रोजी ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. दोनच दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२–० अशी धूळ चारली होती. या सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्या काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली, तरीही मध्यंतरापर्यंत १६ गोल झाले. आर्ची थॉम्पसन या एकट्या खेळाडूने १३ गोल केले. सामना ३१–० असा संपला. नव्वद मिनिटांच्या खेळात सरासरी दर तीन मिनिटांना एक गोल! गोल इतक्या झपाट्याने होत होते, की मैदानावरील गुणफलकाचीही मोजणीत चूक झाली आणि त्यावर ३२ हा आकडा झळकला.

तरीही या संघाने माघार घेतली नाही. तीन दिवसांनी तो टोंगाविरुद्ध शेवटचा सामना खेळला आणि ०–५ असा हरला. चार सामन्यांत एकूण ५७ गोल स्वीकारून ही मुले घरी परतली.

३. दोष कोणाचा?

या निकालावर जगभर चर्चा झाली. असा सामना खेळवण्यात काय अर्थ आहे, असा प्रश्न विजयी संघाकडूनही विचारला गेला. त्याला दुसरीही बाजू होती. विश्वचषकाची दारे सर्व सदस्यांना खुली आहेत. तेव्हा दुबळ्या संघांना स्पर्धेबाहेर ठेवले, तर ते सुधारणार कसे? मैदान, चेंडू आणि नियम दोन्ही संघांना सारखे होते. तयारीची संधी मात्र सारखी नव्हती. खरी अडचण येथेच होती.

पुढील पात्रता फेरीत यावर मध्यममार्ग काढण्यात आला. २००४ साली बेटांच्या दहा संघांनी प्रथम दोन गटांत आपापसांत सामने खेळले. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढील फेरीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबरोबर खेळले. तेथे व्हानुआटूने न्यूझीलंडला ४–२ असे हरवले, तर सॉलोमन बेटांनी ऑस्ट्रेलियाला २–२ असे बरोबरीत रोखले. योग्य टप्प्यांनी संधी मिळाली, तर लहान संघही मोठ्यांशी झुंज देऊ शकतात, हे त्यातून दिसले.

विशेष म्हणजे २००१ मध्ये गोलांचा पाऊस पाडणारा ऑस्ट्रेलियाही त्या वेळी विश्वचषकाला पोहोचला नाही. ओशनियाच्या विजेत्याला तेव्हा थेट प्रवेश नव्हता. अखेरच्या लढतीत उरुग्वेने ऑस्ट्रेलियाचा मार्ग रोखला.

४. आपियाचा विजय

अमेरिकन सामोआचे दिवस मात्र लवकर पालटले नाहीत. संघ सलग तीस सामने हरला आणि फिफाच्या क्रमवारीत तळाशी राहिला. सप्टेंबर २००९ मध्ये त्सुनामीच्या लाटांनी या बेटांवर मोठी हानी केली.

नोव्हेंबर २०११ मध्ये शेजारच्या सामोआची राजधानी आपिया येथे पुढील पात्रता फेरी झाली. नेदरलँड्समध्ये जन्मलेले थॉमस रोंगेन हे प्रशिक्षक जेमतेम तीन आठवडे आधी संघाकडे आले होते. अमेरिकेत सिॲटल येथे राहू लागलेले निकी सालापू पुन्हा संघात परतले. एकतीस गोलांच्या त्या सामन्यातील गोलरक्षक पुन्हा त्याच जागी उभा राहिला. बचावफळीत जाया साएलुआ ही खेळाडू होती. सामोआच्या संस्कृतीत ‘फाफाफिने’ म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेल्या, पण स्त्रीभावाने जगणाऱ्या व्यक्तींना मान्यता आहे; जाया त्यांपैकीच एक. विश्वचषक पात्रता सामन्यात खेळणारी पहिली उघड पारलिंगी खेळाडू म्हणून तिची नोंद झाली.

टोंगाविरुद्ध रामिन ऑट याने मध्यंतरापूर्वी पहिला, तर शालोम लुआनी याने उत्तरार्धात दुसरा गोल केला. अखेरच्या मिनिटांत टोंगाने एक गोल फेडला, पण त्यानंतर बचावफळीने आणि सालापू यांनी गोलजाळे सांभाळले. सामना २–१ असा जिंकून अमेरिकन सामोआने फिफामान्य सामन्यातील आपला पहिला विजय मिळवला.

त्यानंतर कुक बेटांशी १–१ अशी बरोबरी झाली आणि यजमान सामोआकडून ०–१ असा पराभव झाला. पुढील फेरीत सामोआ गेला. अमेरिकन सामोआ नाही. अभिलेखातून ३१–० हा आकडाही पुसला गेला नाही. मात्र त्या आकड्याखाली आता एक वेगळी ओळ लिहिली गेली होती.

२०२६ च्या विश्वचषकापासून संघांची संख्या ४८ झाली आणि ओशनियाला प्रथमच एक थेट जागा मिळाली. मार्च २०२५ मध्ये अंतिम सामन्यात न्यू कॅलेडोनियाला ३–० असे हरवून न्यूझीलंडने ती जागा पटकावली.

शब्दार्थ

पात्रता फेरी – मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवण्यासाठी खेळावी लागणारी फेरी
बलाबल – सामर्थ्य आणि दुर्बलता
अधिपत्य – सत्ता, अंमल
अभिलेख – जपून ठेवलेली अधिकृत नोंद
धूळ चारणे – पूर्ण पराभव करणे
माघार घेणे – मागे हटणे

तुम्ही काय शिकलात?

• मोठ्या पराभवामागे केवळ कौशल्याचा अभाव नसतो; नियम, साधने आणि तयारीचा वेळ यांचाही वाटा असतो.
• सर्वांना एकच नियम लावल्याने सर्वांना समान संधी मिळतेच असे नाही.
• खंड पडल्यानंतरही पुन्हा सुरुवात करता येते.

पाठान्त प्रश्न

१. मूळ चमूतील एकच खेळाडू २००१ च्या स्पर्धेत का खेळू शकला?
२. २००४ साली पात्रता फेरीच्या रचनेत कोणता बदल झाला? त्याचा परिणाम दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. ‘दुबळ्या संघांना बलाढ्य संघांशी खेळू द्यावे की नाही?’ दोन्ही बाजू मांडून आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.
४. ‘धूळ चारणे’ आणि ‘माघार घेणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

उपक्रम

शिक्षण, नोकरी किंवा खेळ मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेल्या तुमच्या परिसरातील एका व्यक्तीशी बोला. तिला आलेल्या अडचणी आणि मिळालेले साहाय्य यांची नोंद करा.