मी गेलो, मी गेले की ती गेली?

स्तर ५ : वाचनपाठ

वाचण्यापूर्वी

१. व्हिडिओ गेम खेळताना त्यातला नायक किंवा नायिका तुम्ही स्वतः असता, की दुसरंच कोणी?
२. घरातल्या कोणाची नक्कल तुम्हांला चांगली जमते?

पाठ

मी ऑकलंडच्या हिल्सबरो भागात राहते. आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करते आणि शनिवारी सकाळी तुमच्यासारख्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून मानुकाऊ हार्बरचा छोटासा तुकडा दिसतो. ओहोटी असली की तिथे पाणी कमी आणि चिखलच जास्त!

गेल्या सत्रात मी वर्गाला एक सोपं काम दिलं होतं. 'या आठवड्यात काय केलं ते सांगा.' तेरा वर्षांचा एक मुलगा आठवडाभर एक फँटसी गेम खेळत होता. खेळात तो एक जादूगारीण झाला होता. तो सांगू लागला,

"मी गुहेत गेलो. आत ड्रॅगन होता. मग मी लपलो... लपले?... ताई, काय म्हणू?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. इंग्रजीत हा प्रश्न पडतच नाही, कारण तिथे मुलगा आणि मुलगी एकच क्रियापद वापरतात. मराठीत मात्र 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, 'मी म्हणजे कोण?'

मी स्क्रीनवर तीन वाक्यं लिहिली.

मी गुहेत गेलो.
मी गुहेत गेले.
ती गुहेत गेली.

तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण प्रत्येक वाक्यातला खेळाडू वेगळा आहे.

तीन वाक्यं, तीन खेळाडू

'मी गेलो' म्हणणारा मुलगा खेळात स्वतःच असतो. जादूगारिणीचा झगा त्याने नुसता अंगावर घातला आहे. समोर भिकारी आला, तर तो स्वतःला विचारतो, 'खरंच असं झालं तर मी काय करेन?'

'मी गेले' म्हणणारा मुलगा जादूगारीण झालेला असतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो. 'ही बाई काय करेल?' तो स्वतः दयाळू असेल, पण त्याची जादूगारीण चिक्कू असेल, तर तो भिकाऱ्याला एक पैसाही देणार नाही. दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याला मराठीत एक सुंदर शब्द आहे, परकायाप्रवेश. चांगल्या नटाबद्दल बोलताना तो नेहमी वापरतात.

'ती गेली' म्हणणारा मुलगा बाहेर बसून गोष्ट बघतो. बुद्धिबळातला घोडा हलवावा तशी तो जादूगारीण हलवतो.

खेळ बनवणारेही या तीन वाक्यांतून निवड करत असतात. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर ३' (२०१५) मध्ये तुम्हांला गेराल्ट नावाचा माणूसच व्हावं लागतं. त्याचा स्वभाव, त्याचं वय, त्याची जुनी भांडणं आधीच ठरलेली आहेत. उलट 'स्कायरिम' (२०११) मध्ये तुम्ही घोडागाडीत बसलेले एक कैदी असता. नाव, चेहरा, वंश सगळं तुम्ही ठरवायचं. आपल्या ऑकलंडमधल्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने बनवलेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल' (२०१३) ची तऱ्हा तिसरीच. तिथे सात हद्दपार माणसं आहेत. त्यांतलं एक निवडायचं. नाव तुम्ही द्यायचं, पण चेहरा आणि आवाज त्या पात्राचाच. (हे तिन्ही खेळ मोठ्यांसाठी आहेत. घरी विचारल्याशिवाय डाउनलोड करू नका!)

अवतार हा आपलाच शब्द

दुसरं पात्र होऊन खेळायचे असे खेळ कॉम्प्युटरच्या आधी कागदावर आले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची.

मग १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४' हा कॉम्प्युटर गेम आला. त्यांना वाटत होतं की, खेळाडूने खेळात स्वतः असावं आणि स्वतःच्या वागण्याची जबाबदारी घ्यावी. म्हणून खेळाच्या सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुम्हांला अवघड प्रश्न विचारते. खरं बोलायचं की दया दाखवायची? न्याय की त्याग? बरोबर उत्तर असं नसतंच. तुमच्या उत्तरांवरून ती ठरवते की तुम्ही योद्धा होणार, गायक होणार की जादूगार. पुढे खेळात एक आंधळी दुकानदारीण भेटते. तिला किती पैसे द्यायचे ते तुमच्या हातात. कमी दिले तरी तिला दिसत नाही, पण खेळ ते लक्षात ठेवतो. या खेळात शेवटी कोणा राक्षसाला मारायचं नसतं. आठ सद्गुण अंगी आणून 'अवतार' व्हायचं असतं.

हो, अवतार! गॅरियट यांनी संस्कृतातला हा शब्द घेतला. आज स्क्रीनवरच्या आपल्या छोट्या चित्रालाही जगभर अवतार म्हणतात. मूळ अर्थ आहे 'खाली उतरणं'. देव पृथ्वीवर उतरतो तो अवतार. मासा झाला, कासव झाला, राम झाला, तरी आत विष्णूच.

पण आपल्या घरात हा शब्द वेगळाच ऐकू येतो. केस न विंचरता, पायजम्यावर तुम्ही पाहुण्यांसमोर आलात की आई ओरडते, "काय हा अवतार!" तिथे देवाचा काही संबंध नाही!

रात्री राजा

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या एका गावात वाढले. मराठी शाळेत शिकले. लहानपणी आमच्याकडे व्हिडिओ गेम नव्हते, पण दशावतार होता. पावसाळा संपला की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटक चालतं. रंगमंचावर बहुतेक एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन होतं. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज.

दशावताराची एक गोष्ट तुम्हां गेम खेळणाऱ्यांना नक्की आवडेल. नटांना पाठ करायला संवाद लिहून दिलेले नसतात. पुराणातली कथा ठरलेली असते, कोण कोण होणार ते ठरलेलं असतं. पुढचं बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. म्हणजे आधी पात्र नीट ओळखायचं, मग ते काय बोलेल ते आपोआप येतं.

स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. लुगडं नेसलेला, मिशी काढलेला नट पुढे येऊन म्हणतो, "महाराज, मी आले!" कोणी हसत नाही. तो 'आलो' म्हणाला असता, तर मात्र सगळं गाव हसलं असतं.

या नटांबद्दल कोकणात म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.' रात्रीचा राजा सकाळी स्वतःचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालू लागतो. मी एकदा सकाळी एसटी स्टँडवर एका राजाला चहा पिताना पाहिलं. डोळ्यांतलं काजळ अजून पुसलं नव्हतं. मला वाटलं, हा खरा कोण? तेव्हा उत्तर सापडलं नाही.

सोंग आतपर्यंत जातं का?

२००७ साली निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना आभासी जगात शरीरं दिली, काहींना उंच, काहींना बुटकी. मग पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळायला सांगितलं. उंच शरीर मिळालेले लोक जास्त ठामपणे घासाघीस करू लागले. बुटकं शरीर मिळालेले लोक अन्याय्य वाटणीलाही लवकर 'हो' म्हणाले. खऱ्या आयुष्यातली उंची कितीही असो! म्हणजे आपण पात्र चालवतो, तसं पात्रही आपल्याला थोडं चालवतं.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा इंग्रजी कॉलवर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. काम येत होतं, बोलणं येत नव्हतं. आमच्या टीममध्ये एक सीनियर होती, बिनधास्त बोलणारी. एके दिवशी मी ठरवलं, आज कॉलवर मी ती आहे. तिच्यासारखी ताठ बसले, तिच्यासारखं "एक मिनिट, माझं ऐकून घ्या" म्हटलं. आतून पाय थरथरत होते. पण लोकांनी ऐकलं. वर्षभर हे सोंग चाललं. मग कधीतरी लक्षात आलं की, आता मी कोणाची नक्कल करत नाहीये.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सोंगामागे लपून दुसऱ्याला दुखवलं, तर ते तुम्हीच दुखवलेलं असतं. ऑनलाइन खेळात समोर खरी माणसं असतात. त्यांना वाईट बोलून 'तो मी नव्हे, माझं पात्र होतं' असं म्हणता येत नाही.

मराठीत मी पाच वर्षांची

त्या शनिवारी वर्ग संपत आला होता. एरवी गप्प असणारी एक पंधरा वर्षांची मुलगी बोलू लागली. तिने अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. मी पूर्ण मराठीत लिहिते.

"ताई, मला मराठी बोलताना कायम सोंग घेतल्यासारखं वाटतं. इंग्रजीत मी पंधरा वर्षांची आहे. आजीशी बोलताना मी पाच वर्षांची होते. 'भूक लागली', 'झोप आली', 'छान आहे'. आजीला वाटतं, मी अशीच आहे. मी खरी कशी आहे, ते तिला माहीतच नाही."

सगळे गप्प झाले. बऱ्याच जणांची हीच गोष्ट होती. मला पुण्यातला तो कॉल आठवला. मी तिला म्हटलं, "मग पुढच्या शनिवारी तू तू नको होऊस. मराठीतली दुसरी कोणीतरी हो."

पुढच्या शनिवारी ती भाजीवाली होऊन आली. मी गिऱ्हाईक. मी वांग्यांचा भाव कमी करायला सांगितला, तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "परवडत नसेल तर पुढे जा बाई! सकाळपासून उन्हात बसले आहे मी!" हे वाक्य कुठून आलं? आजीच्या फोनवरच्या गप्पांतून. ते तिच्या कानात होतं, पण पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते शोभलं नसतं. भाजीवालीला ते शोभलं.

त्या रात्री तिने आजीला फोन केला आणि भाजीवाली होऊनच बोलली. आजी आधी गोंधळली, मग हसली, मग गिऱ्हाईक झाली. दोघींनी वीस मिनिटं वांग्यांवरून भांडण केलं. फोन ठेवताना आजी म्हणाली, "अगं, तू एवढी खट्याळ आहेस हे मला माहीतच नव्हतं!"

बघा, भाजीवाली खोटी होती, पण आजीला भेटलेला खट्याळपणा नातीचाच होता. एसटी स्टँडवर मला न सापडलेलं उत्तर बहुतेक असंच काहीतरी असावं.

सत्राच्या शेवटी मी त्या मुलीला विचारलं, "आता मराठीत तुझं वय किती?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "साधारण नऊ."

चार वर्षं एका सत्रात! वाईट नाही.

शब्दार्थ

सोंग – दुसऱ्याचं रूप घेणं, खोटा आव
हद्दपार – देशाबाहेर किंवा गावाबाहेर घालवून दिलेला
घासाघीस – भाव कमी-जास्त करण्यासाठी केलेली चर्चा
बोजा – ओझं
खट्याळ – खोडकर, मस्तीखोर

भाषा पाहा

मुलगा : मी गेलो, मी आलो, मी लपलो
मुलगी : मी गेले, मी आले, मी लपले
काही भागांत मुली बोलताना 'मी गेली, मी आली' असंही म्हणतात. लिहिताना आपण 'गेले, आले' लिहू.

विचार करा आणि सांगा

१. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक लेखिकेने खेळाच्या संदर्भात कसा सांगितला आहे?
२. दशावतारी नाटक आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' यांत कोणतं साम्य आहे?
३. 'अवतार' या शब्दाचे पाठात आलेले तीन अर्थ सांगा.
४. मराठीत तुमचं वय किती आहे? असं का वाटतं?

करून पाहा

तुमच्यापेक्षा अगदी वेगळं असं एक मराठी पात्र निवडा. रिक्षावाले काका, कडक मुख्याध्यापिका, गावचा पोस्टमन, कोणीही. त्या पात्राच्या तोंडून पाच वाक्यं लिहा आणि घरातल्या मोठ्या माणसाला फोनवर ऐकवा. त्यांनी काय उत्तर दिलं, ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.