पाचोळ्याचं काय करायचं?
बार्शीटाकळीकडून नव्यानं परदेशी आलेल्यांसाठी

अकोला जिल्ह्यातून, त्यातही बार्शीटाकळीसारख्या गावातून परदेशी निघालेल्या पोरांना व्हिसा, बँक, घरभाडं यांबद्दल सगळे सांगतात. पाल्याबद्दल कोणी सांगत नाही. ऑक्टोबर लागतो, पहिले काही दिवस लाल-पिवळ्या झाडांचे फोटो गावी जातात, आणि मग घरमालकाचा निरोप येतो: अंगण साफ करा. भाडेकरारात ते लिहिलेलं असतं, वाचलेलं नसतं. न्यू जर्सी, टोरांटो, लंडन आणि फ्रँकफर्टच्या आसपास वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी नव्यांना जे सांगितलं, ते इथं एकत्र केलं आहे. त्यांचं आपसात सगळं जुळत नाही. जिथं वाद आहे तिथं मी सरळ एक बाजू घेतली आहे.

आधी दोन्हीकडच्या पानगळीतला फरक. महानच्या धरणाकडे, काटेपूर्णा अभयारण्यातला साग फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा पडतो. पुढं पाणी मिळणार नाही म्हणून झाड पानं टाकतं. पाला वाळून कुरकुरीत होतो, उन्हाळ्याचा वारा त्याला कुठल्या कुठं नेतो. तिकडं दिवस लहान होऊ लागला आणि गारठा आला की हरितद्रव्य तुटतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो फक्त उघडा होतो. मेपलचा लाल मात्र त्याच वेळी नव्यानं तयार होतो. लख्ख ऊन आणि गार रात्री आल्या की तो जास्त चढतो. नंतर पाऊस, मग बर्फ. ओला पाला हिरवळीवर थरानं चिकटून बसतो आणि खालचं गवत कुजतं. म्हणून जे करायचं ते बर्फाच्या आधी.

नियम नीट वाचा, दंड तिथंच आहे. न्यू जर्सीत १९८७ च्या पुनर्वापर कायद्यापासून पाला कचराभूमीत जात नाही, त्याचं खत करतात. त्यामुळे तो रोजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. कुठं रस्त्याच्या कडेला ढीग लावायला ठरावीक आठवडे देतात, कुठं फक्त कागदी पिशव्या चालतात, आणि शेजारच्या गावाचा नियम तुमच्या गावाला लागू नसतो. टोरांटोत प्लॅस्टिकच्या पिशवीत पाला ठेवला तर गाडी उचलत नाही. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी बागेच्या कचऱ्याच्या डब्याची वर्षाची वेगळी फी भरावी लागते. जर्मनीत घरापुढच्या पायवाटेवरचा पाला काढायची जबाबदारी घरमालकाची असते आणि करारातून ती अनेकदा भाडेकरूवर येते. शेजाऱ्याच्या झाडाचं पान तुमच्या अंगणात पडलं तर ते तुमचं. यावर भांडायला जाऊ नका, सगळ्यांचा अनुभव सारखाच आहे.

आणि काडी लावायची नाही. आपल्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, मग वणवे लागतात, आणि वनविभागाला उन्हाळ्याआधी जाळरेषा काढत बसावं लागतं. ती सवय गावीच ठेवा. अमेरिकेत आणखी एक धोका आहे. पाल्यात पॉयझन आयव्हीची वेल असेल तर तिचा धूर फुप्फुसाला जाळतो. वाळक्या पाल्यावर गरम गाडी उभी करू नका, हेही त्यातच आलं.

हत्यारं थोडी लागतात. पंख्यासारखं पसरट दाताळं आणि एक ताडपत्री. पाला ताडपत्रीवर ओढायचा, चारी टोकं धरून फरफटत न्यायचा. पिशवी-पिशवीनं उचलणाऱ्यांची कंबर रविवारी संध्याकाळी धरते. पाला उडवणारं भोंग्यासारखं यंत्र घेऊ नका. अनेक गावांत त्याच्या वेळांवर बंधन आहे, आणि नसलं तरी शेजारी जन्मभर लक्षात ठेवतात. पन्हाळी साफ करायला मात्र शिडीवर स्वतः चढण्यापेक्षा माणूस बोलवावा. तिथं काटकसर नको.

आता खरा मुद्दा. गावाकडून सहा महिन्यांसाठी आलेली सासू पिशव्यांची रांग बघते आणि म्हणते, "एवढा पाला फेकून देता का रे? याच्यात तं एकरभराचं खत होते." ती बरोबर असते. कुटार, पऱ्हाटी, तुराट्या यांतलं काही वाया न घालवणाऱ्या मुलखातून आपण आलो. पालापाचोळा आणि थोड्या शेणातून खत करायची नाडेप पद्धत आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातली, पुसदच्या पांढरीपांडे काकांची. त्या टाक्याचं माप १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच; भिंतीला हवेसाठी भोकं; काडीकचरा १४०० ते १५०० किलो आणि शेण जेमतेम ९० ते १०० किलो. तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण थोडं लागतं, हवा आणि ओल जास्त लागते, ही त्यातली खुबी.

परदेशात विटांचं टाकं नको. कोंबड्यांच्या जाळीचं तीन फूट रुंद कडं अंगणाच्या कोपऱ्यात उभं केलं की झालं. त्यात तीन टोपल्या पाला, एक टोपली स्वयंपाकघरातलं ओलं: कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा. मधेमधे मातीचा पातळ थर. मेपलची पानं सपाट असतात, ती एकमेकांना चिकटून हवा अडवतात, म्हणून आधी गवत कापायच्या यंत्राखालून काढून त्यांचा चुरा करा. शिजलेलं अन्न, तेल, तूप अजिबात नको. रॅकून आणि उंदीर वास काढत येतात. गावाकडची आणि तिकडची मोठी तफावत थंडीची. डिसेंबर ते मार्च ढीग जवळजवळ झोपून राहतो. तेव्हा तो बिघडला असं समजून उपसू नका, एप्रिलात वरखाली केला की पुन्हा गरम होतो. काळ्या अक्रोडाचा पाला मात्र वेगळा काढा. त्यातल्या द्रव्यानं टोमॅटो मरतो.

टोरांटोकडच्यांची पद्धत याहून आळशी आहे. ओला पाला काळ्या पिशवीत भरायचा, पिशवीला भोकं पाडायची आणि ती गॅरेजमागं एक-दोन वर्षं विसरून जायची. निघते ती काळी, भुसभुशीत, रानातल्या मातीच्या वासाची कुजमाती. न्यू जर्सीकर म्हणतात, एवढी वाट कोण बघतो. हिरवळीवरच यंत्र फिरवून पाल्याचा चुरा तिथंच मुरू द्या. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या हिरवळ-संशोधकांचाही कौल याच बाजूचा आहे. माझं मत: भाड्याच्या घरात दुसरी पद्धत, स्वतःच्या घरात पहिली. ज्याला पुढच्या वर्षी तिथं राहण्याचा भरवसा नाही त्यानं दोन वर्षांची पिशवी कशाला भरावी?

लसूण लावणाऱ्यांना तर पाला विकत घ्यावासा वाटेल. ऑक्टोबरात पाकळ्या लावायच्या, वर चार-सहा बोटं चुऱ्याचा थर द्यायचा, बर्फाखाली सोडून द्यायचं, जुलैत गड्डे काढायचे. मे महिन्यात मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला तीच कुजमाती. कढीपत्त्याच्या बुंध्याशी पाला रचून तो अंगणात जगवायचा प्रयोग मात्र करू नका. तो घरात, खिडकीशी. दरवर्षी कोणीतरी करून बघतंच.

सणांना पाला वेळेवर येतो, हे परदेशाचं एक सुख. दसऱ्याला आपटा कुठून आणायचा हा प्रश्न प्रत्येक मंडळात निघतो. अमेरिकेच्या पूर्व भागात रेडबड नावाचं छोटं झाड अंगणाअंगणात असतं. ते आणि आपटा वनस्पतिशास्त्रात एकाच उपकुळातले, म्हणजे चुलतभाऊ. त्याचं पान बदामी आहे, मधे चिरलेलं नाही. रस्त्याकडेच्या जिन्कोचं पान मधे चिरलेलं असतं, दिसतं जोडपानासारखं, पण आपट्याशी नातं काही नाही. नातं बघायचं तर रेडबड, रूप बघायचं तर जिन्को. मी नात्याच्या बाजूनं. जिन्कोची मादी झाडं ओळखायला शिका. त्यांच्या खाली पडलेल्या फळांचा वास सोनं वाटणाऱ्याच्या हाताला दिवसभर राहतो. कोणी गावाहून येताना पानं, बिया किंवा पत्रावळी आणत असेल तर विमानतळावर कस्टमला आधीच जाहीर करायला सांगा. लपवून आणलेल्या चार पानांसाठी आईवडिलांना तासभर उभं करू नये.

दिवाळीला पानांची रांगोळी घालतात. लाल मेपल, पिवळा जिन्को, तपकिरी ओक, मधे ओकची फळं. ओट्यावर वारा असेल तर खाली पिठाची पातळ खळ लावा. वर्तमानपत्रात आठवडाभर दाबून ठेवलेली पानं बटर पेपरच्या दोन थरांत इस्त्री करून घेतली की आकाशकंदिलाला लागतात, आत एलईडी दिवा. मऊ आणि टिकाऊ हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी यात चार-पाच दिवस बुडवा. पळसाच्या पानांसारखी मेपलची पत्रावळ टोचून त्यावर जेवायला वाढायचा उत्साह आवरा: शिशिरातलं पान तडकतं, आणि रस्त्याकडेच्या झाडावर काय फवारलं आहे ते माहीत नसतं. ताटाखाली शोभेला ठेवा. कोणाच्या घोड्याला तर ही पानं घालूच नका. लाल मेपलची सुकलेली पानं घोड्यांना विषारी असतात.

मुलांना ढिगात उड्या मारू द्या, पण ढीग रस्त्याकडेला नको. चालकाला पाल्यातलं मूल दिसत नाही. अमेरिकेच्या ईशान्येला पाल्यात हरणांवरची गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम आजार होतो. ज्या गावावरून त्याला नाव पडलं ते कनेक्टिकटमध्ये आहे. आपल्याकडे गोचीड गुरांच्या कानात बघतात, तिकडं ती मुलांच्या गुडघ्यामागं, काखेत आणि केसांच्या कडेला बघायची. खेळून आल्यावर आंघोळ, आणि कपडे सरळ गरम ड्रायरमध्ये.

इंग्लंडात नोकरी असेल तर एक जास्तीची सूचना. रुळांवर दबलेल्या ओल्या पानांमुळे गाड्यांची चाकं घसरतात आणि उशीर होतो; काही मार्गांवर शरद ऋतूचं वेगळं वेळापत्रकही लागतं. सकाळच्या बैठकीला नेहमीच्या आधीची गाडी धरा.

आणि सप्टेंबर संपायच्या आत दोन कामं उरका: नगरपालिकेचं पाला उचलायचं वेळापत्रक काढून फ्रिजवर लावा, आणि कागदी पिशव्यांचे दोन गठ्ठे घरात आणून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुकानात त्या मिळतीलच याची खात्री धरू नका.