शब्दांची ओळख : बंडखोर

'बंडखोर' हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो आणि वर्तमानपत्रातही भेटतो. पण दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच नाही. म्हणून मी हा शब्द अभ्यासाला घेतला.

फोड : बंड + खोर. 'बंड' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, ते बंड. सत्तेविरुद्ध उघडपणे उठणे म्हणजे बंड. 'खोर' हा प्रत्यय फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ 'खाणारा'. लाच खातो तो लाचखोर, हे सरळच आहे. पण भांडखोर काही भांडण खात नाही, तो भांडण करतो! म्हणजे मराठीत 'खोर'चा अर्थ 'ते करणारा' असाही झाला. चुगलखोर, दरोडेखोर हे शब्द बघा. यात शाबासकीचा शब्द एकही नाही. त्यामुळे बंडखोर म्हटले की थोडे नावे ठेवल्यासारखे वाटते.

जवळचे शब्द : फितूर माणूस गुपचूप शत्रूला मिळतो, बंडखोर उघड उभा राहतो. दरोडेखोर स्वतःसाठी लुटतो, बंडखोराची तक्रार राज्यकर्त्यांशी असते.

वाक्प्रचार : बंड करणे, बंड पुकारणे, बंडाचा झेंडा उभारणे. हे झाले उठणाऱ्यांचे. 'बंड मोडणे' हे सरकारचे.

आता इतिहासातली उदाहरणे घेऊ. पुरंदर भागातील उमाजी नाईक यांनी रामोशांना जमवून इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. त्यांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली. अकोले भागातील राघोजी भांगरे सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध उठले. त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळात लोकांचे हाल पाहिले आणि १८७९ साली बंड केले. फौज उभारायला पैसा हवा, म्हणून त्यांच्या लोकांनी सावकारांच्या घरांवर धाडी घातल्या. ते १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले.

इंग्रज सरकारच्या लेखी हे सगळे दरोडेखोर आणि बंडखोर. आपण त्यांना क्रांतिवीर म्हणतो. १८५७ चेही तसेच. इंग्रज त्याला शिपायांचे बंड म्हणत. वि. दा. सावरकरांनी १९०९ साली निघालेल्या ग्रंथात त्यालाच स्वातंत्र्याचे युद्ध म्हटले.

मग खरे नाव कोणते? ज्याच्या घरावर धाड पडली, त्याला तो दरोडाच वाटला असणार, हेही विसरून चालणार नाही. मला वाटते, नाव ऐकल्याबरोबर मान डोलवू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत. हे नाव कोणी दिले? त्या माणसाची तक्रार काय होती? आणि त्याने हत्यार कोणावर चालवले?

आजकाल पक्षाने तिकीट दिले नाही म्हणून जो स्वतंत्र उभा राहतो, त्यालाही 'बंडखोर उमेदवार' म्हणतात. त्याच्या हातात तलवार नसते, फक्त निवडणूक चिन्ह असते!

सांगा पाहू :
१. 'खोर' लागलेले आणखी तीन शब्द लिहा.
२. बंड आणि सत्याग्रह यांत फरक काय?
३. आपल्या भागात कोणी बंड केले होते का? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आलेल्या पालकांनीही माहिती असल्यास आम्हाला जरूर सांगावी.