दोघांचा आकडा एकच, पण शरीरे निराळी

नाशिकच्या एखाद्या तालमीतला मल्ल डोळ्यांसमोर आणा. उंची १.७० मीटर, वजन ८१ किलो. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीचा आणि वजनाचा, पण दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार उभा करा. आता किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. १.७० × १.७० = २.८९ आणि ८१ ÷ २.८९ = २८. हाच शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय. प्रौढांसाठी १८.५ ते २४.९ ही योग्य मर्यादा मानतात. मग आपला मल्लही जाडजूड ठरला की! गणित बरोबर आहे. पण वजन स्नायूंचे की चरबीचे, हे काट्याला कळत नाही.

वर्गानेच का भागायचे? लाडू सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर त्याचे वजन आठपट होते. त्या हिशेबाने घनाने भागायला हवे. पण उंच माणूस म्हणजे सर्व बाजूंनी वाढवलेला बुटका माणूस नव्हे. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे बेल्जियमचे गणिती केतले यांनी १८३० च्या दशकात मोजमापांवरून दाखवले. त्यांना रोगी तपासायचे नव्हते, 'सरासरी माणूस' शोधायचा होता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेचे अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले.

आता मल्लाच्या उलट उदाहरण पाहा, आपल्या पुण्याचे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा निर्देशांक तंतोतंत एक, २२.३! शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी दडते ती अशी. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळेही मोजली होती. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. खेड्यातल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती.

आशियातील लोकांना कमी निर्देशांकावरही मधुमेह गाठतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ हा सावधतेचा आकडा सुचवला. पोटाचा घेर टेपने मोजला, तर आणखी थोडा उलगडा होतो.

तुमचा स्वतःचा आकडा काढलात ना? १६ आला म्हणून घाबरू नका, आणि २३ आला म्हणून जेवण सोडू नका. वरच्या मर्यादा प्रौढांच्या आहेत. वाढत्या वयात निर्देशांक वर्षागणिक बदलतो, मुलामुलींचा वेगवेगळा. दहा वर्षांच्या मुलाला १६ अगदी योग्य असतो! बालरोगतज्ज्ञ त्यासाठी वय आणि लिंगानुसार आखलेला आलेख वापरतात.